दुष्काळ, दंगल आणि दिव्याखालची किल्ली

दोन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षण शिबिरात भूगोलाच्या व्याख्यानाला पडद्यावर जगाचा नकाशा लावला होता. तापमानवाढीमुळे पुढील काळात कोठे पाणी आटेल आणि कोठे माणसे एकमेकांच्या जिवावर उठतील, हे त्यात लाल रंगाने दाखविले होते. सोमालियापासून अफगाणिस्तानापर्यंत जवळजवळ सलग लाल पट्टा होता. काठी त्यावरून फिरवीत व्याख्याते म्हणाले, हवामान बदलाचा पहिला भडका मुस्लिम राष्ट्रांत उडणार, कारण तिथे पाणी कमी आणि माथी गरम. सभागृहात हशा पिकला. माझ्या शेजारी परळच्या एका शाळेतील शिक्षिका बसल्या होत्या. चांगल्या ओळखीच्या, मनाने सरळ बाई. त्या हसता हसता माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी हसू आवरले. मला त्या हशापेक्षा ते आवरणे अधिक लागले.

शाळेत परतल्यावर व्याख्यात्यांचे वाक्य वगळून तो नकाशा मी सातवीच्या वर्गाला समजावून दिला. निम्म्या मुलांनी लाल पट्ट्यातले देश ओळखले, कारण कोणाचा चाचा कुवेतला, कोणाचा मामू मस्कतला. मदनपुऱ्याहून येणारा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "टीचर, बारिश कम हुई तो हम लोग लड़ेंगे क्या?" त्याच्या 'हम लोग' या दोन शब्दांनी मी गप्प झाले. त्याने नकाशात सीरिया पाहिला नव्हता, स्वतःची गल्ली पाहिली होती. मी त्याला बसविले आणि तास संपेपर्यंत पर्जन्यमानाचे आलेख काढून घेतले.

वाङ्मयीन वार्षिकात हवामानाचे काय काम, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे, की 'दुष्काळ पडला, माणसे शहरात लोटली, शहर पेटले' ही सर्वप्रथम एक गोष्ट आहे. तिला कथानक आहे, पात्रे आहेत, ठिणगी आहे, शेवट आहे. ती अहवालांत सांगितली जाते, अग्रलेखांत सांगितली जाते, आणि आता शिक्षकांच्या शिबिरांतही. जी गोष्ट म्हणून सांगितली जाते तिची समीक्षा गोष्ट म्हणूनच व्हायला हवी. पात्रांना मन दिले आहे की नाही, घटनांचा क्रम खरा आहे की सोयीचा, कोणाला पडद्यामागे ठेवले आहे, हे प्रश्न आपण कादंबरीला विचारतो. तेच येथे विचारू.

या गोष्टीची सर्वांत गाजलेली आवृत्ती सीरियाची. २००६ ते २०१० या काळात तेथील ईशान्य भागात भीषण अवर्षण झाले, हे निर्विवाद. २०१५ साली अमेरिकेतील काही शास्त्रज्ञांनी एका प्रतिष्ठित नियतकालिकात मांडले, की मानवी कारणांनी झालेल्या तापमानवाढीने या अवर्षणाची तीव्रता वाढली, सुमारे पंधरा लाख माणसे गावे सोडून शहरांत आली, आणि २०११ च्या उठावामागे हेही एक कारण होते. त्यांनी पुष्कळ सावधपणे लिहिले होते. वर्तमानपत्रांनी सावधपणा गाळून मथळा तेवढा घेतला. २०१७ मध्ये यान सेल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मांडणीची चिरफाड केली. स्थलांतराचा आकडा फुगलेला आहे, आणि जे स्थलांतर झाले त्यात पावसाइतकाच, किंबहुना अधिक, वाटा सरकारच्या शेतीविषयक धोरणांचा आहे, असे त्यांनी दाखविले. २००८ साली डिझेलवरील अनुदान एकदम कापले गेले होते. विहिरीवरचा पंप डिझेलवर चालतो. पाऊस आकाशातून गेला, पण विहिरीतले पाणी सरकारी आदेशाने महाग झाले. गोष्टीच्या लोकप्रिय आवृत्तीत हा आदेश नाही, नुसते आकाश आहे.

आणि ठिणगी कोठे पडली? दरा शहरात काही शाळकरी मुलांनी भिंतीवर राजवटीविरुद्ध घोषणा लिहिल्या, त्यांना पकडून नेले, त्यांचा छळ झाला आणि आईबाप रस्त्यावर आले. मी शिक्षिका असल्याने असेल, मला या सगळ्या युद्धात ती भिंत विसरता येत नाही. भिंतीवर लिहिणारी पोरे प्रत्येक शाळेत असतात. आमच्याकडे मुख्याध्यापक त्यांच्याकडून भिंत पुसून घेतात आणि प्रकरण मिटते. तेथे सरकारने पोरांना कोठडीत टाकले. या फरकाचे माप मिलिमीटरमध्ये घेता येत नाही. शेजारच्या जॉर्डनमध्ये पाण्याचा तुटवडा जुनाच आहे. त्या देशात युद्ध झाले नाही, उलट लाखो सीरियन निर्वासित त्याच्या आश्रयाला गेले.

दारफुरचेही तसेच. २००७ साली संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांनी अमेरिकेतील एका दैनिकात लेख लिहून तेथील रक्तपाताच्या मुळाशी हवामान असल्याचे सुचविले. चराईची आणि पाण्याची टंचाई होती, भटके आणि शेतकरी यांचे जुने तंटेही होते. परंतु घोडेस्वार टोळ्यांच्या हाती बंदुका सुदानच्या सरकारने दिल्या. आकाशावर खापर फुटले की बंदूक देणारा सुटतो. ही गोष्ट सत्ताधाऱ्यांना आवडते, ती का, हे यातून कळावे.

येथे आपल्यातल्या काहींना बजावले पाहिजे. हे सारे पाश्चात्त्यांचे कारस्थान आहे, तापमानवाढ वगैरे थोतांड आहे, असे भाषण मी आपल्याच मंडळींकडून ऐकले आहे. तेही आळसाचे बोलणे. नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानला भोला चक्रीवादळाने झोडपले, तीन लाखांहून अधिक माणसे मेली. पश्चिमेकडच्या राज्यकर्त्यांनी मदतीत जी बेपर्वाई दाखविली तिचा राग डिसेंबरच्या निवडणुकीत उतरला आणि पुढचे वर्ष युद्धाचे ठरले. म्हणजे निसर्गाचा तडाखा आणि हिंसा यांचा संबंध नाही, असे म्हणता येत नाही. संबंध आहे. तो कोणाच्या हातून जातो, एवढाच वाद आहे. त्याच किनाऱ्यावर पुढे निवारे बांधले गेले, सूचना देणाऱ्या स्वयंसेवकांची फळी उभी राहिली, आणि २०२० च्या अम्फान वादळात बांगलादेशातील मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. समुद्र तोच, वस्तीही मुसलमानांचीच.

मुल्ला नसरुद्दीनची गोष्ट आमच्या मुलांना पाठ असते. मुल्ला रस्त्यावरच्या दिव्याखाली किल्ली शोधतो आहे. शेजारी विचारतो, कोठे हरवली? मुल्ला सांगतो, घरात. मग येथे का शोधतोस? कारण उजेड येथे आहे. २०१८ साली चार संशोधकांनी हवामान आणि संघर्ष यांवरच्या इंग्रजी अभ्यासांचा हिशेब मांडला तेव्हा नेमके हेच निघाले. ज्या देशांत आधीच हिंसा चालू आहे आणि जेथे अभ्यासकांना जाणे-येणे सोयीचे आहे, तेच देश पुन्हा पुन्हा निवडले गेले होते. हवामानाचा धोका जेथे सर्वांत मोठा आहे ते देश निवडीत मागे पडले होते. युद्ध असलेल्या ठिकाणीच दुष्काळ शोधला, तर प्रत्येक दुष्काळाच्या शेवटी युद्धच सापडणार. आमच्या शिबिरातला लाल पट्टा हा दिव्याचा उजेड होता.

आता दिव्याखालून उठून घरात येऊ. घर म्हणजे मदनपुरा, भायखळा, लालबाग, परळ.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आझमगढ, मऊ, बनारस या भागांतून विणकर जुलाहे, ज्यांना आपण मोमीन अन्सारी म्हणतो, मुंबईला आले. विलायती कापडाने हातमाग बसवला, वर दुष्काळ आला, पोट घेऊन माणसे निघाली. काही मालेगावला राहिली, काही भिवंडीला, काही मदनपुऱ्यात. मुंबईच्या गिरण्यांच्या विणकाम खात्यात मुसलमान पुष्कळ असत ते या पूर्वपीठिकेमुळे. आजच्या भाषेत हे हवामानाचे निर्वासित म्हणता येतील, अर्थात मँचेस्टरचे नाव घ्यायचे नसेल तर.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि १८९७ हे दख्खनमध्ये दुष्काळाचे साल ठरले. सरकारने घरोघर तपासणी सुरू केली. परके लोक घरात शिरत, आजाऱ्याला उचलून रुग्णालयात नेत, आणि त्या रुग्णालयातून माणूस परत येत नाही असा लोकांचा अनुभव झाला होता. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी तपासणी पथक मदनपुऱ्यातील एका जुलाहा कुटुंबातील आजारी मुलीला न्यायला आले तेव्हा विणकरांनी त्यांना अडविले. दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि दंगल आसपासच्या भागांत पसरली.

कारण एक, काळ एक, संताप एक. पुण्याची घटना शाळेच्या इतिहासात स्वातंत्र्यलढ्याच्या प्रकरणात येते, आणि ती तेथे यावी याबद्दल माझी तक्रार नाही. मदनपुऱ्याची घटना मात्र पोलीस खात्याच्या इतिहासात राहिली. तेथे जुलाहा भडक माथ्याचा, अडाणी, धर्मवेडा. ज्ञानेंद्र पांडे यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात 'धर्मांध जुलाहा' ही प्रतिमा इंग्रज अधिकाऱ्यांनी कशी घडविली यावर एक आख्खे प्रकरण लिहिले आहे. उत्तरेतल्या विणकराचे माग बंद पडले, बाजार गेला, उपासमार झाली, आणि त्याने आवाज उठविला की नोंद होई ती त्याच्या स्वभावाची. शिबिरातले 'माथी गरम' हे दोन शब्द मी पांडे यांचे प्रकरण वाचले तेव्हा ओळखले. सव्वाशे वर्षे जुने आहेत. नवीन आहे तो फक्त नकाशा.

मदनपुऱ्यातले माझे विद्यार्थी त्याच रस्त्यांनी शाळेत येतात. त्यांना चापेकर माहीत आहेत, कारण पुस्तकात आहेत.

दुष्काळ आणि हिंसा यांविषयी सर्वांत प्रामाणिक लिखाण मला अहवालांत आढळले नाही, ते अण्णाभाऊ साठे यांच्या 'फकिरा'त आढळले. अण्णाभाऊ स्वतः वाटेगावहून बापाबरोबर पायी चालत मुंबईला आले आणि भायखळ्याच्या चांदबीबी चाळीत राहिले, पुढे गिरणीत खपले. पोटासाठी गाव सोडणे त्यांनी पुस्तकातून शिकलेले नव्हते. १९५९ च्या या कादंबरीत साथ आहे, उपासमार आहे, आणि आपले लोक डोळ्यांदेखत मरू लागल्यावर फकिरा धान्य लुटतो. येथे कादंबरीकार काय करतो ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. तो पाऊस आणि लूट यांच्यामध्ये धान्याचे कोठार उभे करतो. धान्य नाही असे नाही, धान्य आहे, पण कुलूपबंद आहे. फकिरा आपल्या जमावाला शेजारच्या उपाशी माणसावर सोडत नाही, कोठारावर नेतो. गावातल्या विष्णुपंतांसारखा वरच्या जातीचा माणूस त्याच्या बाजूने उभा राहतो, आणि सरकार त्याला दरोडेखोर ठरवते. म्हणजे हिंसा कोणाची, कोणावर आणि तिचे नाव कोण ठेवतो, ही तिन्ही उत्तरे कादंबरीत मिळतात. शोधनिबंधाच्या तक्त्यात या सगळ्याची 'एक हिंसक घटना' एवढी नोंद होईल.

'फकिरा' वाचताना मुसलमान वाचकाला हजरत उमर यांच्या काळातला दुष्काळ आठवल्यावाचून राहत नाही. हिजरी १८ च्या सुमारास अरबस्तानात असे अवर्षण पडले, की जमीन राखेसारखी झाली आणि त्या सालाला राखेचे साल हेच नाव पडले. त्या वर्षी चोरीसाठी हात तोडण्याची शिक्षा खलिफांनी स्थगित ठेवली, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगितली जाते, पण दयेची गोष्ट म्हणून. मला ती न्यायशास्त्राची वाटते. भुकेने केलेली चोरी आधी राज्यकर्त्याच्या खात्यावर लिहावी, मग चोराच्या, असा तिचा अर्थ. अण्णाभाऊंचा फकिरा आणि राखेचे साल एका वर्गात शिकवावे असे माझ्या फार मनात आहे. अभ्यासक्रम परवानगी देत नाही.

तसाच सूरह यूसुफ. सात वर्षे सुगीची, सात वर्षे दुष्काळाची, कणसातच धान्य राखून ठेवण्याची युक्ती. मुस्लिम स्मृतीतली सर्वांत प्रसिद्ध दुष्काळकथा ही. तिच्यातली हिंसा, भावाला विहिरीत टाकण्याची, दुष्काळाच्या कितीतरी आधी घडते, भरल्या घरात, मत्सरापोटी. आणि दुष्काळ काय करतो? तोच त्या भावांना धान्य मागायला यूसुफच्या दारी आणतो. नकाशावाल्यांनी ही कथा एकदा वाचावी. भूगोल तोच आहे, इजिप्त आणि शाम.

'बनगरवाडी'बद्दल थोडक्यात सांगते, कारण तिच्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. माडगूळकरांचा राजाराम मास्तर मला माझा सहकारी वाटतो, एकशिक्षकी शाळेचा. त्याच्याभोवती कारभारी आहे, आनंदा रामोशी आहे, आयबू आहे. आयबू मुसलमान आहे, परंतु लेखक त्याचे मुसलमानपण वाचकापुढे नाचवीत नाही. पोरगा आहे, मास्तराच्या सोबतीला असतो, संपले. शेवटी दुष्काळ येतो, मेंढरे मरतात आणि वाडी उठते. कोणी कोणाचा गळा धरीत नाही. गाव शांतपणे रिकामे होते. तो रिकामेपणा कोणत्याही दंगलीच्या वर्णनापेक्षा मला अधिक भयानक वाटतो, आणि दुष्काळाचा नेहमीचा शेवट बहुधा तोच असतो. त्या पुढची गोष्ट, म्हणजे वाडी उठून कोठे गेली, ही मुंबईची गोष्ट आहे.

आमचे घराणे त्या गोष्टीतलेच. दादा बार्शी तालुक्यातले, १९७२ च्या दुष्काळात मुंबईला आले, लालबागच्या मागच्या गल्लीत एका खोलीत बारा माणसांत राहिले. बार्शी ही शाहीर अमर शेख यांचीही जन्मभूमी. मुसलमान घरातला हा गडी लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ आणि गव्हाणकरांबरोबर उभा राहून गिरणगाव गाजवीत असे. दादा आले तेव्हा शाहीर जाऊन तीन वर्षे झाली होती, तरी चाळीत त्यांच्या आवाजाची गोष्ट निघे म्हणून सांगत. १९७२ चा दुष्काळ म्हणजे लाल नकाशासाठी आदर्श उदाहरण होते. ओळीने वाईट वर्षे, कोट्यवधी माणसे संकटात, लोंढे शहराकडे. शिवाय १९७० साली भिवंडी आणि जळगाव पेटून गेलेले, जखमा ओल्या. हिंसा व्हायची तर तेव्हा व्हायला हवी होती. झाले काय? दुष्काळी कामे निघाली, मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे त्या कामांवर होती. खडी फोडली, बांध घातले, मजुरी घेतली. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना त्यातून पुढे कायद्यापर्यंत गेली. आणि मुंबईत हिंसा नव्हे, लाटणे मोर्चा निघाला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे गिरणगावातल्या बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. माझी दादी त्यांत होती की नुसती बघत होती, यावर घरात मतभेद आहेत. लाटणे मात्र अजून आहे.

उलट १९९२-९३ घ्या. त्या डिसेंबर-जानेवारीत या शहरात नऊशे माणसे मारली गेली, असे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने नोंदविले, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. तलाव आटले म्हणून ते झाले नाही. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, कुलाब्याला ७३, तेव्हा अर्धे शहर बुडून अर्धे कोरडे होते, तरी कोणी कोणावर चालून गेले नाही. अनोळखी माणसांना घरात घेतल्याच्या आठवणी त्या रात्रीच्या सर्वांकडे आहेत. हिंदमातेला पाणी भरते तेव्हा त्या पाण्यात सगळ्यांच्याच चपला वाहून जातात.

याउलट महाराष्ट्रात पाण्यावरून रक्त सांडले नाही, असेही नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पवना धरणाच्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे ठार झाले. मार्च २०१६ मध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांजवळ पाचहून अधिक माणसांनी जमू नये म्हणून जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. त्या गाडीची छायाचित्रे जगभर गेली. लातूरच्या आसपासचा ऊस मात्र त्यांत कोठे दिसला नाही. मावळचा शेतकरी भडक माथ्याचा असतो, असे तेव्हा कोणी म्हटले नाही. कोणी म्हणूही नये. आमच्याबाबतही एवढेच मागणे आहे.

शिवाय मराठवाडा-विदर्भातला कोरडवाहू शेतकरी दुसऱ्यावर हात उगारत नाही, तो स्वतःचा जीव घेतो. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'मध्ये ती घुसमट पानोपानी आहे. संघर्षाचे तक्ते करणारे या मृत्यूंना हिंसेत धरीत नाहीत, कारण त्यांत दुसरा पक्ष नसतो. दुसरा पक्ष असतो, सावकार असतो, बँक असते, बाजारभाव असतो. तो घटनास्थळी हजर नसतो इतकेच.

मुस्लिम राष्ट्रांकडे परत जायचे, तर ज्या कादंबरीने माझे डोळे उघडले ती अब्दुर्रहमान मुनीफ यांची. मिठाची शहरे, असे तिच्या नावाचे भाषांतर करता येईल. १९८४ साली पहिला खंड अरबीत निघाला, मी पीटर थेरू यांचा इंग्रजी अनुवाद वाचला. मुनीफ तेलाचे अर्थतज्ज्ञ होते. सौदी सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले आणि पुस्तकावर बंदी घातली. अमिताव घोष यांनी या कादंबरीवर १९९२ मध्ये लिहिले आणि तेलासारख्या जग बदलणाऱ्या वस्तूवर कादंबऱ्या का नाहीत असा सवाल केला. हाच सवाल ते २०१६ च्या पुस्तकात हवामानाबद्दल विचारतात.

कादंबरी सुरू होते एका हिरव्या ओअॅसिसमध्ये. खजुरीची झाडे आहेत, झरे आहेत, येणारे-जाणारे काफिले आहेत. दुष्काळही आहेत, पण लोकांना त्यांची वहिवाट माहीत आहे. मग परके लोक जमीन तपासायला येतात, अमीर त्यांना साहाय्य करतो, आणि एके दिवशी यंत्रे झाडे उपटून टाकतात. पाणी असलेली जागा अवर्षणाने नव्हे, तेलासाठी उजाड होते. उठवलेली माणसे समुद्रकाठच्या हर्रानला कामगार होतात, पत्र्याच्या बराकींत भाजून निघतात, पलीकडे परक्यांच्या थंडगार खोल्या असतात. शेवटी काम गेलेल्यांसाठी संप होतो आणि गोळी चालते. ही हिंसा 'मुस्लिम देशातली हिंसा' आहेच. परंतु जे तेल काढण्यासाठी ती झाली तेच तेल जाळून आज आकाश तापले आहे. म्हणजे कार्यकारणाची साखळी नकाशावाल्यांच्या अगदी उलटी जाते. आधी बंदूक आणि विहीर, नंतर हवामान.

मुनीफ यांच्या पात्रांत एक माणूस ठसठशीत उभा राहत नाही, जमाव बोलतो, अशी तक्रार काही पाश्चात्त्य वाचकांनी केली होती. परळ-लालबागच्या वाचकाला ती तक्रार कळणार नाही. १८ जानेवारी १९८२ पासून येथे अडीच लाख माणसे एकदम बोलत होती. माझे अब्बा त्यांतले एक, विणकाम खात्यातले बदली कामगार. संप कधी मागे घेतलाच गेला नाही, तो विरून गेला. गिरण्यांच्या जागी मनोरे आले. पावसाचे पाणी जेथे मुरायचे ती मोकळी जमीन गेली, आणि आता पाणी हिंदमातेला साचले की भूमिगत टाक्या बांधाव्या लागतात. मे २०२५ मध्ये पाऊस सव्वीस तारखेलाच आला आणि वरळीचे नवे भुयारी मेट्रो स्थानक पहिल्याच तडाख्यात पाण्याने भरले. हे सारे मुनीफ यांनी लिहिलेले नाही, पण त्यांना ते समजले असते.

आता थोडे आपल्याविषयी. मुस्लिम मराठी साहित्याने दंगल लिहिली, तलाक लिहिला, भाषेची कोंडी लिहिली, ओळखीचा प्रश्न लिहिला. हमीद दलवाईंच्या 'इंधन'पासून ही वाट मोठी आहे आणि ती चालणे भाग होते. परंतु आपल्यावर एक अदृश्य सक्तीही बसली आहे. संपादक कविता मागतात ती दंगलीवर. मलाही एकदा सांगण्यात आले, की पावसावर कोणीही लिहील, तुम्ही तुमचे लिहा. तुमचे म्हणजे काय? सोलापूर, लातूर, बीडकडच्या मुसलमानाची विहीर आटत नाही काय? तो ईदगाहवर पावसासाठी नमाज पढतो त्याच सुमारास गावात धोंडी निघते, आणि दोन्हीकडच्या डोळ्यांत तेच आकाश असते. कोकणातल्या घरातला मुलगा आखातात पन्नास अंशांत काम करतो. २०२४ च्या हजमध्ये तेराशेहून अधिक यात्रेकरू उष्म्याने गेले, त्यांतले बहुतेक परवान्याशिवाय आलेले, म्हणजे ज्यांना थंड तंबूत जागा नव्हती असे. हे विषय 'आमचे' नाहीत? ते आपण लिहिले नाहीत तर कोणीतरी नकाशाच लिहील. आपले लेखन दंगलीपुरते उरले, तर दंगल हीच आपली भूमिका आहे असे वाचकाने का समजू नये?

त्या मुलाला उत्तर द्यायचे राहिले होते. मी सातवीला घरचा अभ्यास दिला. आपल्या दादा-दादी, नाना-नानींना विचारा, आपले घराणे मुंबईला कधी आले, का आले, तेव्हा पाऊस होता का, आणि कोणाशी भांडण झाले होते का. उर्दूत एक पान. अडतीसपैकी एकतीस वह्या आल्या. एका मुलीने आजोबांचे म्हणणे लिहिले, की आम्ही मऊहून आलो ते पाऊस नव्हता म्हणून नव्हे, सूत महागले म्हणून. दोघांनी लिहिले की घरात विचारायला कोणी उरलेले नाही. एकाने पान भरून क्रिकेटवर लिहिले.

ज्याने प्रश्न विचारला होता, त्याचे आजोळ उस्मानाबादकडचे. त्याने लिहिले होते, की नानांचा आणि त्यांच्या सख्ख्या भावाचा विहिरीवरून झगडा झाला, काठी चालली, नानांचे दोन दात गेले, म्हणून ते मुंबईला आले. मुकदमा अजून चालू आहे. तारीख असली की मामू जातात. पाऊस त्या वर्षी बरा होता. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि 'मुकदमा'तला क़ाफ दुरुस्त केला.